मांडुळाचं घर

बोआ पाळायचा म्हटलं की काचेची पेटी, उबेचा दिवा अशी यादी सुरू होते. पण बोआच्या कुळातलं मांडूळ यवतमाळच्या शेतशिवारातच राहतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. परदेशी बोआचीही शासनाकडे नोंदणी करावी लागते.

मांडुळाला हवी भुसभुशीत माती. फावड्यासारखं तोंड खुपसून ते आत शिरतं, दिवसा दडून राहतं आणि अंधार पडला की उंदरांच्या मागावर निघतं. त्याला विष नसतं. भक्ष्याला ते विळख्यात आवळून मारतं. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते.

धोका जाणवला की ते डोकं वेटोळ्यात लपवून बोथट शेपूट पुढे करतं. त्यावरून ‘दुतोंड्या’ हे नाव पडलं. गुप्तधनाच्या भाकडकथांपायी मात्र या निरुपद्रवी जिवाची तस्करी होते.

साप दिसला तर हात लावू नका. मांडुळासारखीच बिनविषारी असलेली दुरक्या घोणस समजून विषारी घोणस उचलली, तर जिवावर बेतेल. लांब राहून वनविभागाला १९२६ वर कळवा. मांडुळाची खरी निगा म्हणजे त्याला त्याच्या मातीत राहू देणं.