घरच्या जनित्राची शक्ती किती असावी?

पावसाळ्यात झाड कोसळून तार तुटली म्हणजे वस्तीवरची वीज कधीकधी दोन दोन दिवस येत नाही. अशा वेळी घरी जनित्र, अर्थात जनरेटर, असावे असे शेतकऱ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु ते घेताना पुष्कळ जण केवळ दिव्यांचे व पंख्यांचे वॅट मोजतात. खरी मेख मोटारीत असते. सुरू होताना मोटार क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तेवढा जोर जनित्रात नसेल, तर मोटार नुसती गुरगुरते आणि अखेर जळते.

एका घराचा हिशेब पाहू. ९ वॅटचे ६ दिवे, ७५ वॅटचे ३ पंखे, १०० वॅटचा दूरदर्शन संच व चालताना १५० वॅट घेणारा फ्रीज, मिळून सुमारे ५३० वॅट झाले. टाकीत पाणी चढविणारा पंप अर्ध्या अश्वशक्तीचा आहे. अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॅट खरे. पण ते मोटारीने दिलेले काम होय. प्रत्यक्षात ती ६०० वॅटच्या आसपास वीज घेते, आणि सुरू होताना सुमारे २,००० वॅट. म्हणजे क्षणिक भार २,५०० वॅटवर जातो. या घरास ३ केव्हीएचे जनित्र पुरावे. पंप आधी सुरू करून बाकीची उपकरणे मागाहून लावल्यास जनित्रावरील ताण आणखी हलका होतो.

याच जनित्रावर विहिरीवरील ५ अश्वशक्तीचा पंप चालविण्याची आशा मात्र धरू नये. थेट स्टार्टरवर त्यास १२ ते १५ केव्हीए लागतात. एवढे मोठे डिझेल जनित्र रात्रभर घराच्या ५३० वॅटवर चालविणे म्हणजे त्याच्या शक्तीचा शेकडा ५ भागही न वापरणे होय. डिझेल वाया जाते व इंजिनात काजळी साचते.

जोडणी परवानाधारक वायरमनकडून, चेंज-ओव्हर स्विच बसवूनच करावी. तो नसल्यास जनित्राची वीज उलट तारेत शिरते, गावच्या डीपीतून तिचा दाब हजारो व्होल्टांवर चढतो, आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन प्राणास मुकतो.

पावसाच्या भयाने जनित्र पडवीत वा गोठ्यात आणू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो. निजलेल्या माणसांस तो कळतही नाही. घरापासून दूर, चारी बाजूंनी मोकळे असे पत्र्याचे छप्पर उभारावे आणि धुराड्याचे तोंड घराच्या दारा-खिडक्यांकडे नसावे.