शेतीच्या कुंपणाचे कायदे
रत्नागिरीत शेतजमीन राखणारे मुख्य कायदे दोन. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालच्या योजनेत शेती विभाग आखला जातो. पळवाटाही कायद्यातच आहेत: औद्योगिक वापरासाठी कलम ६३ मधून सूट मिळते, आणि गावठाणापासून २०० मीटरपर्यंत घरासाठी बिनशेती सोपी.

खरी गोची कातळसड्याची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराची. जांभा फोडून, माती भरून तिथे हापूस उभा केला जातो, पावसाळ्यात गुरे चरतात. नकाशा काढणाऱ्याला मात्र तो ‘पडीक’ दिसतो. २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले. अशा प्राधिकरणाच्या प्रारूप आराखड्यात सडा ‘पडीक’ दाखवला, तर त्यावर हरकत लेखी आणि मुदतीतच द्यावी लागते. गावी जमीन असलेल्या मुंबईकर चाकरमान्यांनी हे ध्यानात ठेवावे.