गलाईवालाही पर्यटकच

देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा ३.७ टक्के की ६.८ टक्के? २००९-१० च्या ‘टुरिझम सॅटेलाइट अकाउंट’मध्ये, म्हणजे पर्यटनाच्या पूरक खात्यात, दोन्ही आकडे आहेत. पहिल्यात पर्यटकाकडून थेट पैसे घेणारे व्यवसाय येतात. दुसऱ्यात त्यांना माल पुरवणारेही धरलेत. भाषणांत बहुधा दुसराच ऐकू येतो.

वेगळं खातं लागतं, कारण राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात शेती, वाहतूक, बांधकाम असे रकाने असतात, पर्यटनाचा नसतो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत एकाच हॉटेलात गावकरीही चहा पितो आणि पुण्याचा पाहुणाही. समजा, गल्ल्यातल्या १०० रुपयांपैकी ७० पाहुण्यांचे. दूध, साखर, गॅस, वीज यांत ६० गेले. उरलेलं मूल्यवर्धन ४०, आणि त्याच्या ७० टक्के म्हणजे २८ रुपये पर्यटनाचे. अख्खे ७० मांडले, तर दूधवाल्याची कमाई दोनदा मोजली जाते.

त्याहून अवघड प्रश्न, पर्यटक म्हणायचं कुणाला? संयुक्त राष्ट्रांची २००८ ची चौकट सांगते: नेहमीच्या वावराबाहेर, वर्षापेक्षा कमी काळ, आणि तिथल्या कुणाची नोकरी करायला न आलेला. या मापाने सांगली जिल्हा एकदम वेगळा दिसू लागतो. कर्नाटकातून मिरजेच्या दवाखान्यात आलेला रुग्ण पर्यटक ठरतो. लॉजवर उतरलेले त्याचे नातेवाईकही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, परराज्यांत स्थायिक झालेत. ते यात्रेला किंवा लग्नाला गावी आले, की तेही पर्यटक! मराठवाड्यातून सहा महिने फडात राबायला आलेला ऊसतोड कामगार मात्र नाही, कारण तो मजुरीसाठी आलाय. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२व्या फेरीने (२०१४-१५) नातेवाइकांकडचे प्रवासही मोजले आणि २०१५-१६ चं तिसरं पूरक खातं त्या पाहणीवर उभं राहिलं.

देशपातळीवर पर्यटनाचा वाटा कोरोनाच्या २०२०-२१ मध्ये सुमारे दीड टक्क्यावर घसरला, २०२२-२३ मध्ये पुन्हा ५ टक्क्यांवर आला. जिल्ह्याच्या उत्पन्नात मात्र तो हॉटेल, वाहतूक, व्यापारात विखुरलेलाच राहतो. साताऱ्यात निदान कास पठाराची तिकिटं मोजता येतात. मिरजेत रुग्णाच्या भावाने लॉजवाल्याला, खानावळीला, रिक्षाला दिलेले पैसे मोजायला तिकीटखिडकी नाही. म्हणून पर्यटन म्हटलं की बोट साताऱ्याकडे जातं आणि सांगलीचा रकाना कोरा दिसतो.