यंत्र बदलले तरी नोंद वाचता यावी

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग येथे १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवण्यात येत आहे. तत्पूर्वी हे काम १८४१ पासून मुंबईतील कुलाबा वेधशाळेत होत असे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक उपकरणांचे मापन बिघडेल हे ओळखून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. तथापि काम एकदम हलविण्यात आले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहण्यात आल्या आणि मगच कुलाब्याचे मापन थांबले. आज अलिबागची वेधशाळा नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अशा नोंदींचे मोल पुष्कळदा उशिरा कळते. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाचे कुलाब्याचे आकडे शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, पुन्हा अभ्यासले. कागदावरील आकडे डोळ्यांनी वाचता आले. संगणकातील फाईलचे तसे नाही. ती वाचण्यास आज्ञावली लागते, आणि एकाच जातीच्या संगणकावर चालणारी आज्ञावली त्या संगणकाबरोबरच निकामी होते.

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणासही पाहता, बदलता व वाटता येतो, तिला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. मजकूर खुला असला की ती कोठेही चालेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मास आली आणि १९७३ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिण्यात आल्यामुळे निरनिराळ्या यंत्रांवर नेणे शक्य झाले. पुढे तिच्या अनेक शाखा झाल्या. लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस या प्रणाली याच वळणाच्या होत. परंतु भावाभावांच्या घरांतही चालीरीती निराळ्या असाव्यात, तसा प्रकार येथे आहे. त्यांना समान नियम असावेत म्हणून १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध झाले. आज्ञावली शक्यतो या मानकातील सोयींवरच उभारावी, हा पहिला नियम होय. लिनक्सवर सहज आढळणारा ‘बॅश’ हा आज्ञावाचक फ्रीबीएसडीच्या मूळ संचात नसतो, एवढ्यावरूनही काम अडते.

यंत्रांचाही प्रश्न आहेच. अलिबाग येथे क्षैतिज चुंबकीय तीव्रता नॅनोटेस्ला या एककात ३८,००० च्या आसपास असते. हा आकडा चार बाइटांत साठविला तर ते ०, ०, १४८, ११२ असे होतात. स्पार्क जातीची यंत्रे थोरला बाइट आधी ठेवतात, इंटेल जातीची धाकटा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तसेच वाचले, तर ३८,००० चे १८८ कोटी ८७ लाखांहून अधिक होतात! एवढी मोठी चूक निदान लक्षात तरी येते. लहान चुका खपून जातात. म्हणून बाइटांचा क्रम फाईलच्या व्याख्येतच ठरवून द्यावा लागतो, यंत्राच्या सवयीवर सोडता येत नाही.

हे सर्व फरक पाठ करणे अशक्य. १९९१ मध्ये तयार झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने त्यावर चांगली तोड काढली. आज्ञावली बसविण्यापूर्वी ते लहानलहान चाचण्या करून अमुक सोय येथे आहे काय, हे प्रत्यक्ष पाहते. प्रणालीचे नाव काय, यावर ते फारसे विसंबत नाही. उमेदवाराचे गाव न विचारता त्याच्याकडून काम करवून पाहावे, तसे हे आहे. त्यानंतरही दोन वेगळ्या प्रणालींवर तीच आज्ञावली चालवून उत्तरे ताडून पाहावी लागतात. कुलाबा आणि अलिबाग यांच्या बाबतीत हेच करण्यात आले होते.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांना आणखी एक अडचण संभवते. फाईलला ‘शेतकऱ्यांची यादी’ असे नाव दिले आहे असे समजा. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. लिनक्स दिलेले नाव जसेच्या तसे ठेवते. मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस ही साठवणपद्धत मात्र त्याचे दोन संकेत करीत असे. परिणामी मॅकवर जाऊन परत आलेली यादी लिनक्सवर वेगळी फाईल ठरते आणि पडद्यावर एकाच नावाच्या दोन याद्या दिसतात. नेमकी कोणती दुरुस्त केलेली, हे लिपिकाने कसे ओळखावे? नावे एका प्रमाणरूपात आणून मगच ताडणे, हा त्यावरचा उपाय होय. ‘र्’ नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून तेच अक्षर उमटविण्याची तिसरी रीतही प्रचलित आहे; ती या प्रमाणरूपात बसत नाही आणि तिची वेगळी तजवीज करावी लागते.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. अशी आज्ञावली स्वीकारताना कार्यालयाने ती निदान दोन प्रणालींवर चालवून दाखविण्यास सांगावे, आणि चाचणीच्या फाईलींत ‘ऱ’ असलेले एखादे नाव आवर्जून ठेवावे.