एका यंत्रांत दोन बिऱ्हाडें

एकाच संगणकांत विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदत असलेलीं घरें आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. वडीलधारी मंडळी घरचे हिशेब विंडोजमध्यें ठेवतात, महाविद्यालयांत जाणारी भाची लिनक्सवर अभ्यास करते. यंत्र एक, बिऱ्हाडें दोन. अशा यंत्राविषयीं सार्वत्रिक तक्रार ही कीं, कळ दाबल्यापासून काम हातीं लागेपर्यंत पुढ्यांतला चहा निवून जातो. दोष बहुधा यंत्राच्या वयावर टाकला जातो आणि नव्या खरेदीची भाषा सुरू होते. आमचें म्हणणें असें कीं, तत्पूर्वीं वेळ नेमका कोठें जातो हें पाहावें. कारण कित्येकदां यंत्र काम करीत नसतें, नुसतें कोणाची तरी वाट पाहत असतें.

पहिला खोळंबा दारांतच होतो. लिनक्सबरोबर ग्रब नांवाचा द्वारपाल येतो आणि कोणाकडे जावयाचें अशी यादी पुढें करतो. उत्तर न मिळाल्यास तो बहुधा पांच किंवा दहा सेकंद थांबतो. उबुंटूमध्यें ग्रबच्या मांडणीच्या फायलींत टाइमआउटची ओळ शोधून तेथें दोन वा तीन हा आंकडा घालावा आणि मग अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी. आज्ञा विसरल्यास बदल लागू होत नाहीं. आंकडा शून्य मात्र करूं नये. यादी दिसेनाशी होते आणि दुसऱ्या बिऱ्हाडांतील मंडळींची पंचाईत होते. अग्रमान कोणाला हेंही याच फायलींत ठरतें. ज्याचा वापर अधिक त्याला तो द्यावा, मग तें बिऱ्हाड धाकटें कां असेना.

दुसरा खोळंबा अधिक मौजेचा. एका लिनक्सच्या शेजारीं दुसरें लिनक्स बसविलें कीं नवा पाहुणा कधींकधीं सामाईक स्वॅप विभाग, म्हणजे स्मृति अपुरी पडल्यास वापरावयाची जागा, नव्यानें आंखतो. त्यासरशीं त्या विभागाची यूयूआयडी ही ओळखखूण बदलते. जुन्या लिनक्सच्या एफस्टॅब फायलींत मात्र पूर्वीचीच खूण राहते, आणि तें बिचारें दररोज न येणाऱ्या विभागासाठीं ९० सेकंद तिष्ठत बसतें. पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' ही ओळ आणि दीड मिनिटाची मुदत दिसली, तर प्रथम हाच संशय घ्यावा. बीएलकेआयडी ही आज्ञा नवी खूण सांगते. ती एफस्टॅबमध्यें लिहिली कीं दीड मिनिट वांचतें.

आतां खऱ्या धोक्याकडे वळूं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ सालापासून, फास्ट स्टार्टअप ही सोय आली. तींत 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज पुरतें बंद होत नाहीं. आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवतें आणि पुढल्या खेपेस तेथूनच उठतें. एकट्याच्या संसारांत हें ठीक आहे. पण मधल्या वेळीं लिनक्सनें त्याच विभागांत कांहीं लिहिलें, तर उठलेलें विंडोज आपल्या जुन्या स्मरणावर विसंबून काम करूं लागतें आणि फायली बिघडूं शकतात. म्हणूनच लिनक्स असा विभाग बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडतें. त्यावर चिडून जबरदस्तीनें लिहिण्याची मुभा मिळविणारे तरुण आहेत. ज्या विभागांत आजोबांचीं छायाचित्रें आणि घराचे दस्तऐवज आहेत, तेथें असलें साहस आम्हांस मुळींच पसंत नाहीं. दोन प्रणालींच्या यंत्रांत फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावें. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्यें, पॉवरच्या बटणानें काय व्हावें हें ठरविण्याच्या पानावर, ती खूण काढतां येते. विंडोजला हायबरनेट करून लिनक्सकडे जाणेंही तितकेंच वर्ज्य समजावें.

या त्यागानें विंडोज कांहीं सेकंद उशिरां उठेल. यंत्रांत अद्याप फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असल्यास तिच्या जोडीला एसएसडी बसवावी. त्या सेकंदांची भरपाई होऊन वर पुष्कळ उरतें. ९० सेकंदांचा तो खोळंबा मात्र एसएसडीनेंही कमी होत नाहीं. दोन्ही प्रणाली एसएसडीवर ठेवाव्या, छायाचित्रें जुन्या डिस्कवर राहूं द्यावीं, आणि हीं सारीं कामें हातीं घेण्यापूर्वीं त्यांची एक प्रत यंत्राबाहेर काढून कपाटांत ठेवावी.