पाहुणे जातात, पाणी राहतं

पुण्याच्या सदाशिव पेठेतून एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. जुन्या वाड्यात माडीवर बिऱ्हाड, कडीपाटाची जमीन, म्हणजे लाकडी कड्यांवर पाट आणि त्यावर माती. मुलीला मासे पाळायचे आहेत, म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी घ्यायचं ठरलं आहे. ‘एवढं वजन जमीन पेलेल का?’ असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘गणपतीत तुमच्याकडे आरतीला वीस माणसं उभी राहतात ना? मग या टाकीचं काय घेऊन बसलात!’ घरातल्या आजींना मात्र हे काही पटलेलं नाही. कोणाचं बरोबर?

माझं मत आजींच्या बाजूने आहे. पण दुकानदाराचं म्हणणं वाटतं तितकं पोकळ नाही, म्हणून आधी त्याचा हिशोब करू.

टाकीचं आकारमान १२ घनफूट. वर दोनेक इंच मोकळे सोडले तर पाणी ३१० लिटरच्या आसपास, म्हणजे तितकेच किलो. दहा मिलिमीटर जाडीची काच साधारण ६५ किलो. वाळू, दगड आणि खालचं स्टँड धरलं की सगळं मिळून ४५० किलोपर्यंत जातं. हे वजन बसतं जेमतेम सहा चौरस फुटांवर. चौरस मीटरच्या भाषेत, ८०० किलो दर चौरस मीटरला. आपल्याकडे राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार आहे सुमारे २०० किलो. चौपट! हा आकडा काढून अनेक जण टाकीचा नादच सोडतात.

पण ते २०० किलो संपूर्ण खोलीभर पसरलेले धरायचे असतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ते २२०० किलोच्या वर जातात. त्या मानाने आपली टाकी बरीच हलकी. आणि आरतीची वीस माणसं साठ-साठ किलोंची धरली तरी १२०० किलो होतात, टाकीच्या अडीचपटीहून जास्त. म्हणजे नुसत्या वजनाच्या तराजूत दुकानदार जिंकतो.

तो हरतो घड्याळापुढे. प्रसाद वाटून झाला की वीस माणसं जिना उतरतात. टाकी दहा वर्षं तिथेच असते, रात्रंदिवस, पूर्ण भरलेली. दगड किंवा लोखंड असतं तर या फरकाने फारसं बिघडलं नसतं. लाकडाचं तसं नाही, आणि ते कळण्यासाठी आपल्याला १७४०च्या आसपासच्या फ्रान्समध्ये जावं लागेल.

ब्यूफाँ हे नाव आपल्याला भेटतं ते ‘नॅचरल हिस्टरी’ या अजस्र ग्रंथमालेमुळे, किंवा रेघांच्या जमिनीवर सुई टाकून पायची किंमत काढण्याच्या कोड्यामुळे. पण या माणसाने बर्गंडी प्रांतातल्या मोंबार या आपल्या गावी ओकच्या तुळया मोडण्यात काही वर्षं घालवली, हे फार कमी जणांना माहीत असतं. मला विचाराल तर त्याचं हे काम त्या सुईपेक्षा जास्त मोलाचं आहे. फ्रान्सच्या आरमाराला जहाजांसाठी लाकूड लागत होतं आणि कोणत्या लाकडावर किती भरवसा ठेवावा हे कोणाला नीट सांगता येत नव्हतं. तोवर जे प्रयोग झाले होते ते बहुतेक छोट्या छोट्या काठ्यांवर. ब्यूफाँने ठरवलं, खऱ्या मापाच्या तुळयाच मोडायच्या. चार ते आठ इंच चौरस, आणि लांबी अठ्ठावीस फुटांपर्यंत! स्वतःचं जंगल असल्याशिवाय असली हौस कोणाला परवडणार? त्याचं होतं. तुळई दोन टोकांना टेकवायची आणि तिच्या मध्यावर वजन वाढवत न्यायचं, काडकन आवाज येईपर्यंत.

इथवर कोणीही चिकाटीचा माणूस पोहोचला असता. ब्यूफाँचा मोठेपणा पुढच्या पायरीत आहे. ज्या मापाची तुळई ९००० पौंडांखाली तासाभरात मोडत होती, तशाच तुळयांवर त्याने ६००० पौंड ठेवले आणि त्या नुसत्या ठेवून दिल्या. काहीही वाढवलं नाही. पाच-सहा महिने तुळया तग धरून राहिल्या आणि मग त्याच वजनाखाली मोडल्या. आणखी दोन तुळयांवर त्याने निम्मं, म्हणजे ४५०० पौंड वजन ठेवलं. दोन वर्षांनंतरही त्या अखंड होत्या, पण चांगल्याच वाकल्या होत्या. त्याचा निष्कर्ष सरळ होता: जी तुळई कायमचा भार वाहणार आहे तिच्यावर, तिला मोडणाऱ्या वजनाच्या निम्म्याहून जास्त टाकू नका.

अमेरिकेत मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेत लाइमन वूड यांनी १९५१ साली याच प्रश्नाचा आलेख मांडला. (हो, आडनाव खरोखरच वूड!) काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जितकं वजन पेलतं, त्याच्या सुमारे साठ टक्केच ते दहा वर्षं पेलू शकतं, असं त्या आलेखातून दिसतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या माणसाने सहा-सात तुळया आणि भरपूर धीर यांच्या जोरावर गाठलेलं उत्तर किती जवळचं होतं पाहा. तरीही ब्यूफाँच्या चरित्रात या तुळयांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लाकडाचं हे सावकाश वाकणं आपण सगळ्यांनी घरात पाहिलेलं असतं. दिवाळी अंकांचे गठ्ठे वर्षानुवर्षं ठेवलेली फळी आठवा. ठेवले त्या दिवशी ती सरळ होती. आज गठ्ठे उतरवले तरी तिचा बाक जात नाही. त्यात आपलं हवामान भर घालतं. १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन यांनी दाखवलं की भाराखालचं लाकूड आळीपाळीने ओलं-कोरडं होत राहिलं, तर एकाच दमटपणात राहिलेल्या लाकडापेक्षा ते कितीतरी जास्त वाकतं. आषाढातली हवा आणि एप्रिलमधली हवा आठवली की हे आपल्या वाड्यांनाच उद्देशून लिहिल्यासारखं वाटतं. शिवाय तुमच्या कड्या आज मोकळ्या नाहीत. पाटांवर चार इंच मातीचा थर असेल तर दर चौरस मीटरला १७० किलोंच्या आसपास कायमचा भार त्या आधीच वाहत आहेत. टाकी त्यावर येणार.

मग ठेवायची कुठे? कडीपाटाचा एक मोठा फायदा असा की कड्या उघड्या दिसतात. खालच्या बिऱ्हाडात जा आणि वर पाहा. कड्या कोणत्या दोन आधारांवर टेकल्या आहेत, हे आधी ओळखा. टाकीची लांबी कड्यांना आडवी हवी, म्हणजे दीड फुटावर कडी असेल तर तीन कड्या भार वाटून घेतात. कड्यांना समांतर ठेवलीत तर एखाद्या-दुसऱ्या कडीच्या माथी सगळं येतं. आणि ज्या भिंतीत कड्यांची टोकं बसली आहेत, त्या भिंतीला टाकी लागून हवी. नुसती ‘भिंतीला लागून’ एवढं पुरत नाही, ती भिंत आधाराची हवी.

दोघांनी बांबूला हंडा अडकवून नेताना काय होतं? हंडा मधोमध असला की बांबू चांगलाच वाकतो. तो एकाच्या खांद्याकडे सरकवला की बांबू सरळ होतो. बारा फुटी कडीच्या मध्यावर भार ठेवला तर तिला वाकवणारा जोर जितका, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जोर तोच भार भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवल्यास लागतो. पण बांबू सरळ झाला तरी त्या एकाच्या खांद्यावर मात्र जवळजवळ सगळा हंडा येतो! कडीचा खांदा म्हणजे तिचं भिंतीतलं टोक. जुन्या वाड्यात नेमकं तेच टोक सर्वांत आधी खराब होतं. भिंतीची ओल तिथे मुरते, बुरशी तिथे धरते, वाळवी तिथूनच शिरते.

म्हणून टाकी विकत घेण्याआधी सुताराला बोलवा आणि त्या टोकांना टोच्याने टोचून पाहायला सांगा. टोचा सहज आत गेला किंवा भुगा पडला, तर पुढचं सगळं थांबवा आणि इमारतीचा अभियंता आणा. सहा इंच उंचीच्या कडीचा खालचा फक्त एक इंच वाळवीने खाल्ला तर ताकद सहाव्या हिश्श्याने कमी झाली असं वाटेल. प्रत्यक्षात ती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटते, कारण ताकद उंचीच्या वर्गाच्या हिशोबाने चालते. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात हा नियम मांडला होता. आणि महापालिकेने वाड्याला धोकादायक ठरवलं असेल, तर टाकीचा विचार सोडून द्या. मुलीला तळमजल्यावर जागा शोधून द्या.

कड्या सुदृढ असतील तर जमीन कोसळण्याची भीती फारशी नाही. धोका टाकीचाच आहे. काठोकाठ भरली तर दोन फूट उंचीचं पाणी समोरच्या काचेला २१५ किलोंहून जास्त जोराने बाहेर ढकलतं. त्यात जमीन एका कोपऱ्यात खचली की काच पिळवटते आणि सिलिकॉनचे सांधे उकलू लागतात. पाणी गळतं ते थेट कड्यांच्या टोकांवर. स्टँडला चार बारीक पाय नकोत, खालून सलग बैठक हवी. बैठकीखाली जाड वॉटरप्रूफ प्लाय, टाकीच्या तळाखाली थर्माकोल.

आधी टाकी अर्धीच भरा आणि चार-पाच दिवस थांबा. चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावून ठेवा. एका कोपऱ्यात पाणी पट्टीच्या वर आणि समोरच्या कोपऱ्यात खाली दिसलं, तर जमीन कलते आहे. पाण्याइतकं सच्चं लेव्हल दुसरं नाही. कड्यांसाठी सुताराची दोरी पुरते. खालच्या बिऱ्हाडातून कडीच्या थोडं खाली, दोन्ही टोकांना दर वेळी तितकंच अंतर सोडून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणायची, मध्यावर कडी आणि दोरी यांतलं अंतर मोजायचं आणि कडीवरच पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवायचं. पहिलं माप टाकी आणण्याआधी घ्या, दुसरं ती पूर्ण भरल्यावर, आणि पुढची दर पावसाळ्यानंतर.