जहाजाचा तळ तांबडा का?

कोयनानगरचे धरण बांधणाऱ्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे संस्थापक, सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद, यांचे नाव भारतीय जहाजव्यवसायातही अग्रभागी आहे. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कोणत्याही बंदरात रिकामे मालवाहू जहाज पाहिले, तर त्याचा पाण्याखाली राहणारा भाग बहुधा तांबडा दिसतो. ही केवळ शोभा नव्हे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातील गोड्या पाण्यात लाँचला जी चिंता नसते, ती समुद्रात असते. खाऱ्या पाण्यात शेवाळ, शिंपले आणि बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव तळाला चिकटतात. तळ खरबरीत होतो, वेग मंदावतो, इंधन अधिक जळते आणि मालाचे भाडे वाढते.

लाकडी जहाजांना तर समुद्री किड्यांचेही भय असे. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांब्याचे कण पाण्यात झिरपतात आणि जीव चिकटत नाहीत. पुढे लोखंडी जहाजे आली. पण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीने लोखंड झपाट्याने गंजते. म्हणून लोखंडावर आधी संरक्षक थर देऊन वर तांब्याच्या ऑक्साइडचा रंग लावण्याची रीत पडली. हे ऑक्साइड मुळातच तांबडे. आज अन्य रंगही मिळतात. तरी जुनी रीत टिकून आहे.

हा रंग विषारी असतो, म्हणूनच तो उपयोगी पडतो. विसाव्या शतकात कथिलाचे संयुग असलेले अधिक जालीम रंग आले. त्यांमुळे फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांची कवचे विकृत झाली, त्यांची पैदास खुंटली. जहाजांशी संबंध नसलेल्या जीवांनी ही किंमत मोजली. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो अमलात येऊन हे रंग जहाजांवरून हद्दपार झाले.

आता सिलिकॉनचे गुळगुळीत लेपही निघाले आहेत. ते जीव मारण्याऐवजी त्यांची पकड सैल ठेवतात. जहाज वेगाने चालू लागले की ते आपोआप निसटतात. लेप महाग आहे आणि बंदरात फार काळ उभ्या राहणाऱ्या जहाजाला तो तितकासा लागू पडत नाही. तरीही इंधनाची बचत आणि जीवरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात जमा होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले आहे.